दहा फुटांना दोन इंच

संपादकबाईंचं पत्र आलं, "तुमच्या व्यवसायातल्या वाटचालीविषयी अंकासाठी लिहा." वाटचाल म्हणजे काय ते मला समजतं, सातवी पास आहे मी. पण माझी वाटचाल रोज सकाळी भद्रावतीच्या एसटी स्टँडवर सुरू व्हायची आणि चंद्रपूरच्या स्टँडवर संपायची. संध्याकाळी तीच वाटचाल उलटी. मधल्या वेळात डोक्यावर घमेलं. यात वाचणाऱ्याला काय गोडी वाटणार? म्हणून वाटचाल बाजूला ठेवते आणि एका अंगणाची गोष्ट सांगते. त्या अंगणापायी मी रेजाची मिस्त्री झाले, आणि त्याच अंगणात एका दुपारी माझी अब्रू एका म्हशीनं वाचवली.

रेजा म्हणजे बांधकामावर माती-गिट्टी वाहणारी बाई. आमच्याकडे हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे, दूरच्या वाचकांसाठी सांगितलं. रेजाकडे घमेलं असतं, मिस्त्रीकडे थापी असते आणि दोरी असते. दोघं एकाच भिंतीपाशी उभे असतात, पण घमेल्याकडून दोरीकडे गेलेली बाई मी तोवर आमच्या भागात पाहिली नव्हती.

माझं काम फरशीच्या खालचं. लोक फरशी बघतात, तिच्यावर पाट मांडतात, तिचं कौतुक करतात. खाली काय आहे हे कोणी विचारत नाही. भद्रावतीकडची जमीन काळी. ही काळी माती कापसाला चांगली, अंगणाला वाईट. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून फाटते, आणि भेगा अशा पडतात की हात घालावा तर कोपरापर्यंत जातो. तिच्यावर नुसती फरशी मांडली तर ती फरशी वर्षातून दोनदा आपली जागा बदलते. म्हणून आधी दीड फूट काळी माती काढून फेकायची. मग मुरूम भरायचा, तोही एकदम नाही, सहा-सहा बोटांचे थर करून. प्रत्येक थरावर पाणी मारायचं, प्रत्येक थर धुम्मसानं कुटायचा. धुम्मस म्हणजे लांब दांड्याचा लोखंडी ठोकळा. कच्च्या मुरमावर तो धप्प वाजतो, पक्क्यावर ठण्ण वाजतो आणि हाताला झटका देतो. खांद्याला तो झटका कळू लागला की समजायचं, काम शिकलो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ढाळ. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना दोन इंच उतार. डोळ्याला दिसत नाही, पायाला कळत नाही, पण पाण्याला कळतो. पाण्यापासून काहीच लपवता येत नाही.

हे न करणारे बहाद्दर पुष्कळ भेटले. एका निवृत्त हेडमास्तरांनी मे महिन्यात काळ्या मातीवर स्वतःच्या हातानं फरशी मांडली आणि आम्हाला ऐटीत म्हणाले, यात मजूर कशाला लागतो? जुलैत माती फुगली, फरशी वर आली आणि बाहेर उघडणारं मागचं दार जागच्या जागी अडकलं. मास्तरांनी आम्हाला बोलावलं नाही. दारावर खडूनं सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, "कृपया पुढील दाराने यावे." दिवाळीपर्यंत तो लेख तसाच होता.

आता देवरावभाऊंकडे येते. ऐंशीच्या दशकातली, मधल्या वर्षांतली गोष्ट. देवराव माजरीच्या एका कोळसा खाणीत स्टोअरकीपर होते. मूळ गाव वडश्याकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. भद्रावतीत प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं, पण मागचं अंगण काळ्या मातीचंच राहिलं. गावाकडे त्यांचे वडील गोमाजी एकटे होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. बांधीच्या पाळीवरून घसरून त्यांचं कंबरडं दुखावलं, म्हणून देवराव त्यांना घेऊन आले. बांधी म्हणजे धानाचं शेत, चारी बाजूंनी पाळ घालून पाणी अडवलेलं. तर गोमाजी आले, मागच्या खोलीत खाटेवर बसले आणि बसूनच राहिले. बोलत नव्हते, जेवत नव्हते. अंगणात जावं तर पावसाळ्यात त्यांची काठी वीतभर रुतणार. देवरावांच्या मनात आलं की मागे फरशीचं अंगण करावं, म्हणजे म्हातारा निदान बाहेर येऊन बसेल.

मी किसन मिस्त्रींच्या हाताखाली घमेलं वाहायची. देवराव त्यांना भेटायला चंद्रपूरच्या कामावर आले, तेव्हा मिस्त्री त्या मोठ्या कामात अडकले होते.

"मी फरशी स्वतःच बसवतो," देवराव म्हणाले. "पुस्तक आनलं हाय मी. मले फक्त जमीन तयार करून द्या कोनी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी देते करून."

किसन मिस्त्री हसले. वाईट माणूस नव्हता, पण हसायला त्याला वेळ लागायचा नाही. "कमल, तू घमेलं वाह्यते तेच बरं हाय. दोरी बांधनं म्हनजे पोलक्याची नाडी बांधनं नोहे."

"तेरा वर्ष तुमची दोरी पाहून राह्यली मी."

"बरं," ते म्हणाले. "एक पावसाळा जाऊ दे. फरशी डुगडुगली नाई, पानी तुंबलं नाई, तं तुले मिस्त्री म्हनीन. नाई तं घमेलं हायेच."

हे त्यांनी दहा जणांदेखत सांगितलं, म्हणून मला ते दहा जणांदेखत ऐकून घ्यावं लागलं. माझं नशीब पंधरा फूट बाय बारा फूट एवढ्या मुरमावर आलं होतं.

पहिल्याच दिवशी मी खुंट्या ठोकत होते तर खिडकीतून आवाज आला. गोमाजींचा. दोन महिन्यांत म्हातारा पहिल्यांदा आपणहून बोलला असं सून सुमनबाई मागाहून मला म्हणाली. ते बोलले ते असं:

"कोनाची पोरगी तू?"

आमच्या भागात हा प्रश्न बापाचं नाव कळावं म्हणून विचारत नाहीत. मी बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि वर "बौद्ध" असंही सांगितलं, म्हणजे पुढचे तीन प्रश्न वाचतात. गोमाजी "हं" म्हणाले.

या "हं"चा मला राग आला. वाचकांना वाटेल, त्यात काय एवढं? पण माझ्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्या वर्षीपासून दुसऱ्याच्या खळ्यावर पाय ठेवला नाही. त्याआधी सुगीला खळ्यावर जायचं, जुन्या लुगड्याचा धडपा पसरायचा आणि गावाच्या कामाबद्दल पाटलानं वरून टाकलेलं धान गोळा करून आणायचं, अशी रीत होती. बाबांनी ती मोडली. दोन वर्षं घरात धड भात शिजला नाही, तरी मोडली. मी कामावर जाऊ लागले तेव्हा त्यांनी एकच सांगितलं होतं, "काहीही कर, पन कोनाच्या खळ्यावरचं धान घरी आनू नको." त्यामुळे "हं" ऐकलं की माझं तोंड बंद होतं आणि हात जास्त चालतात. गोमाजी रोज खिडकीतून बघत होते, मी रोज कुटत होते. मधूनमधून ते विचारायचे, "हे काऊन करून राह्यली?" मी ऐकलंच नाही असं दाखवायची. माझी चूक झाली ती इथं.

काम मात्र मी जीव लावून केलं. दीड फूट माती काढली. देवरावांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः धुम्मस धरला. दहा ठोक्यांनंतर ते म्हणाले की पुस्तकात हे एका ओळीत लिहिलं आहे. मुरमाचे तीन थर झाले, ठण्ण वाजू लागले. पाण्याची नळी धरून दोन्ही टोकांच्या खुंट्यांवर खुणा केल्या. ही पारदर्शक नळी आमची सगळ्यात खरी वस्तू: पाणी भरून दोन टोकं धरली की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं, मग त्यावरून उतार मोजायचा. पंधरा फुटांना तीन इंच ढाळ दिला. बाजूनं विटांची किनार लावली. संध्याकाळी दोरीखालून बघितलं तर माझ्याच कामाची मला दृष्ट लागेल असं वाटलं.

मग वरोऱ्याला मावसबहिणीचं लग्न आलं. मुरूम दोन-तीन दिवस बसू द्यायचाच होता. मी देवरावांना सांगितलं, "भाऊ, याले हात लावू नका. मी आली की वर दगडाची चुरी पसरवू, मंग तुम्ही फरशी मांडा." आणि निघून गेले.

चौथ्या दिवशी सकाळी आले तर देवराव दारातच उभे. चेहरा असा की जणू दहावीला पहिला नंबर आला आहे.

"कमलबाई, डोळे बंद करा."

मी आयुष्यात कोणत्याच गिऱ्हाइकासमोर डोळे बंद केले नव्हते आणि करणारही नव्हते. मागे गेले. अख्ख्या अंगणात शहाबादी फरशी बसलेली. सांधे सरळ, कोपरे काटकोनात. स्टोअरकीपरचा हात होता, खिळेसुद्धा मापानं रचून ठेवणारा. आणि एका कडेला खाटेवर गोमाजी, बाहेर, उन्हात, पागोटं बांधून.

"पोरी," ते म्हणाले, "तुझं काम मजबूत होतं. पन एक बाजू दबली होती. मी नीट करून घेतली."

झालं होतं असं: मी गेल्यावर म्हाताऱ्यानं खिडकीतून देवरावांना मुरमावर दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. धानाच्या मुलखातला माणूस जमिनीची पातळी पाण्यानंच बघतो. बांधीत पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं पाहिजे, नाही तर एका कोपऱ्यातलं धान बुडतं आणि दुसऱ्यातलं सुकतं. इथं पाणी ओतलं तर ते सगळं पळत एका टोकाला गेलं. गोमाजींना वाटलं, या पोरीला साधी सपाटीसुद्धा जमत नाही. मग त्यांनी खाट बाहेर काढायला लावली, मुलाच्या हातात फावडं दिलं, आणि दिवसभर काठीनं दाखवून भिंतीकडचा मुरूम बाहेरच्या टोकाला नेऊन कुटून घेतला. साठ वर्षं बांध्या सारख्या केलेला माणूस! सुईच्या टोकाइतका फरक ठेवला नाही. वर चारी बाजूंनी विटांची किनार आणखी चार बोटं उंच करून घेतली. म्हणजे पाळ घातली.

"पाहाचं हाय तुले?" असं म्हणून त्यांनी सुनेला बादल्या आणायला सांगितल्या.

वीस बादल्या. शेजारच्या बायाही मदतीला आल्या, मागचं फाटक सताड उघडं राहिलं, विहिरीवरून रांग लागली. गोमाजी धोतर वर खोचून, काठी टेकत, पाण्यातून फिरत होते आणि ठिकठिकाणी बोट बुडवून मला दाखवत होते.

"इथी पाह्य, बोटभर. तिथी पाह्य, बोटभर. कोपऱ्यात? बोटभर!"

सगळीकडे बोटभरच होतं. पाणी जागचं हललं नाही. निवळशंख, आभाळ दिसत होतं त्यात. एक शेजारीण म्हणाली, "अंगनात बोडी मस्त झाली जी!" बोडी म्हणजे गावतळं. देवरावांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. पावसाळ्यात काय होणार ते त्यांना कळलं होतं.

मी तोंड उघडलं. एवढ्यात सुमनबाईनं माझा दंड धरून मला न्हाणीच्या आडोशाला ओढलं.

"कमलबाई, तुमच्या पाया पडते. आज काई बोलू नका. मामंजीनं काल रात्री दोनदा भात मांगला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हने, एवढं काम झाल्यावर भूक तं लागनारच."

"अवं पन पावसाळ्यात पानी तुमच्या चुलीत येईन."

"येऊ द्या," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

आता सांगा, काय करायचं? बोलले तर म्हातारा पुन्हा खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करणार. नाही बोलले तर पावसाळ्यात किसन मिस्त्री येणार, गुडघाभर नाही तरी बोटभर पाण्यात उभे राहणार आणि दहा जणांदेखत माझ्या डोक्यावर घमेलं ठेवणार. मी न्हाणीशी उभी राहून विचार करत होते. तेवढ्यात अंगणातून आरडाओरडा झाला.

शेजारच्या गवळ्याची म्हैस उघड्या फाटकातून आत आली होती. मे महिन्याचं चंद्रपूरकडचं ऊन, समोर बोटभर गार पाणी, तेही अगदी सपाट. तिनं एकदा चौफेर बघितलं, मधोमध गेली आणि बसली.

काठ्या, हाका, शेपटी पिरगाळणं, सगळं झालं. गवळी घरी नव्हता. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. देवराव पुस्तक घेऊन बाहेर आले, ते कशासाठी ते अजून मला कळलेलं नाही. गोमाजी खाटेवर बसून तिच्याकडे बघत होते, आणि मग त्यांना हसू फुटलं. हळूहळू नाही, एकदम. कंबर धरून हसले. "तिलेबी बांधी पसंत पडली!" म्हणाले.

दुपारी गवळी आला तेव्हा कुठे ती उठली. मी धावत जाऊन ती जागा बघितली. एक फरशी तडकली होती. पण एकही खचली नव्हती, एकही डुगडुगत नव्हती. पाण्यात भिजलेल्या मुरमावर अख्खी म्हैस तीन तास बसली आणि खालची जमीन केसभर हलली नाही. खालचे दोन थर माझे होते, त्यांना कोणी हात लावला नव्हता. मी फरशीवर टाच मारून बघत होते तर गोमाजींची काठी शेजारी येऊन टेकली.

"मजबूत हाय," ते म्हणाले. "मंग एका अंगाले काऊन दाबली होती तू? एवढं कुटनारी पोर असं चुकन कशी?"

या वेळी मी तोंड बंद ठेवलं नाही. पण सरळ उत्तरही दिलं नाही. सुमनबाई दारात उभी होती.

"बाबाजी, कापनीच्या आंधी बांधीतलं पानी काय करता तुम्ही?"

"काढून देतो. पाळ फोडतो खालच्या अंगाले. नाई तं मानूस कापन कसा? चिखलात?"

"आन खालचं अंगच नसन तं?"

ते थांबले. फरशीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, सुनेच्या चुलीकडे बघितलं. पाण्याची गोष्ट होती, त्यांना दोनदा सांगावी लागली नाही. काठीनं फरशीवर दोनदा टकटक केलं.

"म्हनजे तुले कापनीची बांधी पाह्यजे होती. मी रोवन्याची करून देली." मग माझ्याकडे डोळे वटारून म्हणाले, "आंधी सांगाचं ना! मी खिडकीतून बोंबलून बोंबलून इचारून राह्यलो, काऊन, काऊन! तुझं तोंड कुठी गेलतं?"

खरं उत्तर देणं अवघड होतं. तरी दिलं. "तुम्ही कोनाची पोरगी म्हनून इचारलं, तईच गेलं."

गोमाजी "हं"सुद्धा म्हणाले नाहीत. खाली बसायला त्यांना फार त्रास व्हायचा, तरी ते भिंतीला धरून फरशीच्या कडेला बसले आणि पाळीची एक वीट उचकटू लागले.

सगळी फरशी काढली. देवरावांनी प्रत्येक फरशीवर खडूनं नंबर घातला आणि नंबराप्रमाणे रचून ठेवली, यात त्यांना फार समाधान मिळालं. मुरूम परत भिंतीकडे आणला, पाणी मारलं, कुटला. या वेळी गोमाजी माझ्या नळीचं एक टोक धरून बसले होते. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं थांबलेलं बघून म्हणाले, "म्हनजे तूबी पान्यानंच पाह्यते तं." दहा फुटांना दोन इंच म्हणजे किती ते त्यांनी बोटांनी मोजून घेतलं.

पण एक अडचण राहिली. ढाळानं आलेलं पाणी जाणार कुठे? टोकाला कुंपण, पलीकडे गवळ्याचा गोठा. मी नाली काढायचं म्हणत होते. गोमाजींनी काठीनं टोकाशी एक पट्टा आखला, तीन फूट रुंद, बारा फूट लांब.

"इथी फरशी लावू नको. इथी काळी मातीच राहू दे. पाळ मी घालतो."

असं ते अंगण झालं. वर फरशी, ढाळ दोन इंचांचा, आणि खालच्या टोकाला धानाची बांधी. लोकांनी हसायचं तेवढं हसून घेतलं. भद्रावतीच्या घरामागे धान! आषाढात गोमाजींनी गावाकडून परे, म्हणजे धानाची रोपं, मागवले आणि फरशीच्या कडेला बसून, पाय बांधीत सोडून, स्वतःच्या हातानं रोवले. पावसाचं पाणी फरशीवरून सरळ त्यांच्या धानात जायचं. जास्त झालं की पाळ फोडायचे, कमी पडलं की सुनेला म्हणायचे, अंगण धुऊन काढ. पावसाळाभर म्हातारा बाहेर बसला होता. धान सोडून दुसरीकडे बघायला त्याला फुरसत नव्हती.

पाऊस संपल्यावर किसन मिस्त्री आले. प्रत्येक फरशीवर दोन्ही टाचांनी उड्या मारल्या, बारा बाय बाराच्या प्रत्येक कोपऱ्यात. घामाघूम झाले. बादली ओतून बघितली. पाणी पळत बांधीत गेलं आणि गोमाजी ओरडले, "पुरे! धान पिकलं हाय, आता पानी नको!" किसन मिस्त्री निघून गेले. दुसऱ्या दिवशी कामावर मी घमेल्याकडे हात नेला, तर त्यांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन स्वतः पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. दहा जण बघत होते. तोंडानं मिस्त्री म्हणायला त्यांना आणखी चार महिने लागले.

दिवाळीच्या आसपास देवरावांचा निरोप आला, बाबाजींनी बोलावलं आहे. गेले तर धान कापून, झोडून झालं होतं. अर्धं चिमण्यांनी नेलं होतं. उरलेलं एका सुपात मावलं. गोमाजींनी ते सूप दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"घे. मिस्त्रीचा वाटा."

मिस्त्री म्हटलं त्यांनी. तो शब्द ऐकायला मी केवढी आसुसलेली होते, आणि तो आला तो असा, हातात सूप घेऊन. माझे हात वर गेलेच नाहीत. मला बाबांचा धडपा दिसला.

"नको बाबाजी," मी म्हटलं. "आमच्या घरी खळ्यावरचं धान घेत नाई."

देवराव खाली बघू लागले. सुमनबाईला वाटलं म्हातारा आता रागावणार. गोमाजी सूप धरून तसेच उभे राहिले. धानाच्या गावात आयुष्य गेलेल्या माणसाला धडपा पसरणारे ठाऊक नसतील असं कसं होईल? त्यानंही वरून टाकलं असेल कधीकाळी. सुपातलं धान खसखस वाजत होतं.

मग ते सुनेकडे वळले. "सुमन, हे कांडून आन. बसव भात. मिस्त्री इथीच जेवन." आणि मला म्हणाले, "बस. शिजाले टाइम लागन."

दोन तास लागले. उखळात कांडणं, पाखडणं, निवडणं. तोवर आम्ही दोघं फरशीवर बसून कापलेल्या बांधीकडे बघत होतो. त्यांनी मला गावाकडच्या मातीविषयी सांगितलं, मी त्यांना मुरमाविषयी सांगितलं. भात आला तो सगळ्यांत मिळून जेमतेम दोन-दोन मुठी. सुमनबाईनं गोमाजींचं ताट नेहमीसारखं आत वाढलं होतं, ते त्यांनी बाहेर मागवलं आणि माझ्या ताटाला लावून ठेवलं. वरण वाढलं तर ते ताटात जरासं बांधीच्या बाजूला सरकलं. गोमाजी खूश झाले. "पाह्य," म्हणाले, "ढाळ बरोबर हाय." आणि कालवायला लागले.

संध्याकाळी घरी आले. बाबा ओसरीवर बसले होते, तेव्हा त्यांना कमी दिसायचं. मी सगळं सांगून टाकलं, सूपही सांगितलं. खळ्याचं नाव निघालं तसा त्यांचा चेहरा कठीण झाला.

"कच्चं का शिजलेलं?" त्यांनी विचारलं.

"शिजलेलं. त्याईच्या ताटाले ताट लावून."

बाबा पायाचा अंगठा चोळत राहिले. मला वाटलं झोपले की काय. मग म्हणाले, "मीठ बरोबर होतं?"

"थोडं कमी होतं," मी म्हटलं.